लाल ठिपक्याच्या गोगलगाई

मुंबईच्या प्रयोगशाळेतून किरणोत्सर्ग देऊन आणलेल्या गोगलगाई ओल्या फडक्यात गुंडाळून, डबा मांडीवर घेऊन मी अक्कलकोटच्या एसटीत बसले होते. शेजारच्या माणसाने डब्यात काय म्हणून तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा वैतागून मी औषध म्हणून सांगितलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापूरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. तळ्यातल्या गोगलगाईच्या अंगात एक कृमी वाढतो, बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतो आणि गवत खाणाऱ्या जनावराच्या यकृतात घर करतो. किरणांनी वांझ केलेल्या गोगलगाई तळ्यातल्यांशी जुळल्या की अंडी उबणार नाहीत, पिढ्या आटत जातील, असा माझा बेत. कागदावर तो फार देखणा दिसायचा.

अक्कलकोटजवळच्या ज्या तळ्यात त्या सोडायच्या होत्या, त्याच्या काठी एक विधवा बाई राहायची. घरात कानडी, माझ्याशी मराठी. आदल्या वर्षी तिची एक म्हैस याच रोगाने गेली होती. उरलेल्या एका म्हशीवर घर चालायचं. तळ्यावर न्यायची नाही, काठचं गवत घालायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. बिचारी वर्षभर विहिरीचं पाणी शेंदून म्हशीला पाजत होती.

मी गोगलगाई सोडल्या तेव्हा ती शेजारी उभी होती. पुढे ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या शंखावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. तिला तो कुंकवाचा वाटला असावा. तिने डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. मला हसू आलं, आणि शहाणपणाच्या तोऱ्यात मी म्हणाले, आता रोग जाणार. त्याला कित्येक पावसाळे लागतील, कदाचित जाणारही नाही, हे मला माहीत होतं. ते मी बोलले नाही.

परीक्षांच्या गडबडीत चार महिने तिकडे फिरकले नाही. गेले तेव्हा म्हैस खाली बसलेली, जबड्याखाली पाणी भरून लोंबणारी सूज. तळ्यावर नेली होती का, विचारलं.

"व्हय की. तुमीच औशीद सोडलं न्हवं तितं? रोज पाजलं. काठचं गवत बी घातलं, रोग शिवू नये म्हून."

जनावरांच्या डॉक्टरला अक्कलकोटहून आणेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. औषध म्हशीच्या घशाखाली उतरेना. मी तळ्यात गुडघाभर चिखलात उतरून वेड्यासारखी लाल ठिपका शोधत राहिले. एकही सापडला नाही. पानांच्या खाली ताज्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके मात्र हवे तेवढे होते. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

संध्याकाळी म्हैस गेली. रिकाम्या दाव्यापाशी बसून मी त्या बाईला सगळं सांगितलं, चूक माझी कशी तेही. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग माझ्या साडीवरचा चिखल आपल्या पदराने पुसत म्हणाली,

"पुढच्या येळेला जरा जास्ती आणा, बाई. कमी पडल्या असतील."

मी बरं म्हणाले.