रंगूबाईंच्या हाती स्टेशन वॅगन

पलूसजवळच्या मळ्यातले लालासाहेब बावीस वर्षं लष्करात गाड्या दुरुस्त करून पेन्शनीवर घरी आले, आणि येताना लिलावातली एक मोडकी स्टेशन वॅगन घेऊन आले. जीपसारखं नाक, मागं अख्खं घरदार मावेल एवढी जागा. वर्षभर गोठ्याशेजारी त्यांनी ती खोलली, दुसऱ्या गाडीचं दांडगं इंजिन आत बसवलं. गिअरजवळचा छोटा दांडा ओढला की पुढची चाकंही जोर लावायची.

"फुडची चाकं बी वढत्यात?" शेजारचा नाथाजी हसला. "म्हंजी शेपटीला बी जू बांधल्यावानी झालं की!"

रंगूबाई मात्र हसल्या नाहीत. सांगलीच्या बाजारात हळद घालायला जाताना नवऱ्याच्या शेजारी बसून त्या त्यांचे पाय निरखायच्या. एकदा म्हणाल्या, "आवं, मला जमंल का?"

ऊस तुटून गेलेल्या रानात लालासाहेबांनी त्यांना स्टिअरिंगवर बसवलं. पहिल्याच दिवशी गाडी बांधावर चढली. लालासाहेबांनी खोरं आणून बांध नीट केला. महिन्याभरात रंगूबाई रानाला सुखानं फेऱ्या घालू लागल्या. लोकांना वाटलं, नवराबायकोचा खेळ चाललाय.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात पुतणीचं लग्न निघालं. आदल्या संध्याकाळी वळीव असा कोसळला की काळ्या रानाचा नुसता लगदा झाला. विट्याचं वऱ्हाड आणणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट ओढ्यात रुतला. नाथाजी धावत सांगायला आला. गाडी चालू करायला लालासाहेबांनी गडबडीनं पुढून हँडल मारलं, इंजिननं उलटा झटका दिला आणि त्यांचं मनगट मोडलं. घामानं थबथबून ते खालीच बसले.

"आता गाडी कोण हाकणार?" नाथाजी म्हणाला.

रंगूबाईंनी पदर खोचला. "तुमी हँडल मारा, भावजी."

"अंगठा आत घिऊ नगंस," लालासाहेब कळ सोसत नाथाजीला म्हणाले आणि बायकोशेजारी चढून बसले.

ओढ्याच्या उतारावर गाडी घसरायला लागली. रंगूबाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"दांडा वढ," शेजारून लालासाहेब म्हणाले. "पाय दाबू नगंस लय, तिची ती चढंल."

चारी चाकांनी चिखल उडवला आणि गाडी पलीकडं चढली. नवऱ्या मुलाचे वडील हंबीरराव बघतच राहिले. "बाई हाकती व्हय गाडी?"

त्यांची आई साळूबाई ट्रॉलीतून उतरून थेट गाडीत बसली. "तू थांब चिखलात. आमी निघालो."

मग कोण थांबतंय? तीन खेपांत वऱ्हाड मांडवात पोचलं. मुहूर्त जरा टळला, पण अक्षता पडल्या.

तशाच लग्नाच्या लुगड्यात रंगूबाईंनी नवऱ्याला सांगलीला नेलं. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांना लालासाहेबांनी ओढ्याची गोष्ट दोनदा ऐकवली. "मनगटाचं ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले, "हिनं गाडी कशी काढली त्ये ऐका."

पुढं दिवाळीनंतर रंगूबाईंनी लायसन काढलं. आरटीओच्या साहेबानं गाडी दोनदा मागं घ्यायला लावली, दोन्ही वेळा त्यांनी ती नीट घेतली. बाहेर येऊन दोघांनी रसवंतीवर उसाचा रस घेतला. घरी सहा एकर ऊस उभा होता, तरी त्या दिवशीचा रस रंगूबाईंना लय गोड लागला.