कमी नंबरचा चष्मा आणि सारसाची दोन अंडी

भुवनेश्वरला सातवीत चष्मा लागला आणि तेव्हापासून त्याचं चष्म्याशी कधी जमलंच नाही. धानाच्या रोवणीत दोन्ही हात चिखलात, घामानं चष्मा नाकावरून घसरतोय आणि हा गडी खांद्यानं तो वर ढकलतोय, हे दवनीवाडा गावानं वीस वर्षं बघितलं आणि हसून घेतलं. नंबर चार. त्यामुळे मोबाईलवर कुणी नंबर आपोआप उतरवायची युक्ती सांगताना दिसला, तेव्हा त्यानं ती तीनदा ऐकली. लक्षात मात्र अर्धीच ठेवली.

नंबर उतरो न उतरो, सांगणारा शहाणा होता. चष्मा अर्ध्या नंबरानं कमी करा, तो घरात, वाचताना, मोबाईल बघताना लावा. गाडीवर आणि लांबचं बघायचं तिथे पूर्ण नंबरचाच. घाई करू नका. भुवनेश्वरनं साडेतीनचा केला. महिनाभरात कॅलेंडरवरच्या तारखा जरा स्पष्ट वाटल्या आणि स्वारी हवेत गेली. लगेच तीनचा करून आणला आणि तो शेतातही लावायला लागला.

"दूरचं पाहाले जुना लावा ना," बायको उर्वशी म्हणाली.

"जुना लावला त डोरे आळशीच राहतीन. सवय करून राहिलो मी."

त्याच पावसाळ्यात त्याच्या धानाच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं. दोन अंडी घातली. गोंदियाहून सारस मोजायला येणाऱ्या खुशीनं घरटं राखायचं काम त्याच्यावर सोपवलं. सकाळ-संध्याकाळ शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून बघायचं, जवळ जायचं नाही, कुत्रं दिसलं की हाकलायचं आणि फोनवर कळवायचं. आजवर कुणी त्याच्यावर असा भरवसा टाकला नव्हता. भावकीत तो नुसता चष्मेवाला. आता तो छाती काढून धुऱ्यावर जायचा आणि रोज सांगायचा, "बसून आहे जी ताई, एकदम मजेत."

विसाव्या दिवशी खुशी दुर्बीण घेऊन आली. बराच वेळ बघत राहिली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "ते तर युरियाचं पोतं आहे."

चिखल तुडवत दोघं घरट्यापाशी गेली. वाहून आलेलं पोतं काडीकचऱ्यात अडकून फुगलं होतं. त्याच्याखाली कवचाचे तुकडे, बाजूच्या गाळात कुत्र्याच्या पायांचे ठसे. सारस कुठेच नव्हते. किती दिवस झाले असतील, हे खुशीनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. चार दिवस तरी तो पोत्याची खुशाली कळवत होता! लाजेनं त्याला तिच्याकडे बघवेना.

तिनं फोटो काढले. निघताना म्हणाली, "उद्यापासून फोन नाही केला तरी चालेल, भाऊ."

घरी येऊन तो ओसरीवर बसला तो उठलाच नाही. ताट वाढलं होतं, ते तसंच राहिलं. उर्वशी शेवटी जवळ येऊन बसली.

"कुत्र्यानं खाल्ले अंडे. तुमी काऊन जीवाले लावून घेता? त्याले कोन पाहिलं होतं?"

भुवनेश्वरनं चष्मा काढून बाजूला ठेवला. मग त्याला रडूच फुटलं.

"मी पाहिलो होतो वं, चार दिवसांआधी," तो म्हणाला. "कोनाची बकरी चरून राहिली, असं समजलो. उभा राहून पाहतच होतो."