कुंदाचा अर्धा वाफा

त्या सकाळी आमच्या साखरखेर्ड्याच्या घरासमोर भाड्याची जीप उभी होती आणि ओट्यावर दोन बॅगा. एक माझी, नागपूरच्या होस्टेलला जायची. दुसरी माझ्या धाकट्या बहिणीची, कुंदाची. कुंदाची समज लहान मुलीएवढीच राहिली होती. आईबाबांनी खूप विचार करून तिला जानेफळच्या पुढच्या, अशा मुलांसाठीच्या निवासी केंद्रात ठेवायचं ठरवलं होतं. आईने तिला एवढंच सांगितलं, "ताई शिकाले जाऊन राह्यली, तू बी शिकाले जाऊन राह्यली." कुंदा इतकी खूश, की केंद्राच्या फाटकापाशी जीपमधून उडी मारूनच उतरली. आम्ही तसेच पुढे शेगावला गेलो आणि मी नागपूरच्या रेल्वेत बसले.

नागपूर झालं, मग मस्कत. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी, शेअरिंगचा फ्लॅट, वर्षातून एकदा लीव्ह. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको, आणि जे गावात राहिलेत त्यांना कितीही सांगितलं तरी आम्ही मजेतच आहोत असं वाटतं. आईबाबा दोघंही गेले. घरात भाडेकरू आहे. लीव्हवर आले की बॅग मेहकरला चुलतभावाकडे टाकायची, खाऊची पिशवी घेऊन कुंदाला भेटायचं आणि संध्याकाळी परत, असंच चाललं होतं.

यंदा काम वेगळं होतं. केंद्राजवळून मोठा रस्ता निघाला आणि तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. संस्थेचा बेत असा, की जमीन विकायची, शहरात तीन मजली इमारत बांधायची आणि सगळ्यांना तिकडे हलवायचं. त्यासाठी पालकांची सभा होती. मला बेत पटला होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टर जवळ, लिफ्ट, शिवाय मला विमानतळ जवळ. हो म्हणायचं ठरवूनच आले होते. विमान उशिरा उतरलं, म्हणून बॅगेसकट थेट केंद्रातच पोचले.

कुंदा अंगणात मेथी निवडत बसली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅगेकडे. उठली, बॅग माझ्या हातातून घेतली आणि हळूच विचारलं, "तुले कोनं सोडलं वं इथं?"

मला काही कळेचना. भेटायला आले गं, म्हणून समजावत राहिले, पण तिने ऐकलंच नाही. भेटायला येणाऱ्यांकडे पिशवी असते आणि बॅगवाल्यांना सोडून जातात, हे तिला पक्कं ठाऊक. तिने खाटेच्या एका कडेला सरकून मला जागा दाखवली. खुंटीवरचा आपला टॉवेल काढून खुंटी मला दिली. मग मागच्या शेतात घेऊन गेली. तिथे प्रत्येकाचा एकेक वाफा असतो, ज्याचा त्याने पेरायचा, ज्याचं त्याने पाणी घालायचं. कुंदाने काडीने आपल्या वाफ्याच्या मधोमध रेघ ओढली. अलीकडचा तुझा, म्हणाली. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून, "पयले पयले लय रडू येते, ताई. फाटकापाशीच बसू वाटते. मंग नाही वाटत."

मी हादरले. तिथेच बांधावर बसले. उडी मारून उतरलेली कुंदा तेवढी मी इतकी वर्षं आठवणीत जपली होती. जीप निघून गेल्यावर ती फाटकापाशी बसून राहिली असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून ती आणखीच माझी समजूत घालू लागली.

सभेत पडद्यावर विकायच्या जमिनीचा नकाशा लागला. रंगीत चौकोन, त्यात दुकानं, पार्किंग. मी त्यात वाफे शोधत होते. त्या जागी पेट्रोल पंप होता. अध्यक्ष भला माणूस. म्हणाले, या लेकरांना काय, कुठेही नेलं तरी सारखंच. पालक माना हलवत होते. सकाळी सभा झाली असती तर मीही हलवली असती. शेजारी कुंदा माझी बॅग मांडीवर घट्ट धरून बसली होती. चारचौघांत मी एरवी जपून बोलते, पण त्या दिवशी तोंडातून साखरखेर्डाच बाहेर आला. "याइले एकडाव घरातून उठोलं आपन. आता पुन्हा उठवाचं असन, तं आधी याइले इचारा."

निर्णय पुढच्या सभेवर गेला. पुढे गेला एवढंच, टळलाय असं नाही.

लीव्ह संपेपर्यंत मी तिथेच राहिले, तिच्याच खाटेवर. माझ्या वाफ्यात मेथी टाकली. निघायच्या दिवशी कुंदा बॅग देईना. फाटकापर्यंत आली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून तिने विचारलं, "तुले न्यायले कोन आलं?" तिला न्यायला कधी कुणी येणार नव्हतं. ड्यूटी आहे, एवढंच मी म्हणाले.

मस्कतमध्ये नवी रूममेट घर कुठे म्हणून विचारते. पूर्वी पटकन साखरखेर्डा म्हणायचे, आता जीभ अडते. केंद्रातल्या बाई व्हिडिओ कॉलवर वाफा दाखवतात. रेघेच्या अलीकडची मेथी कुंदाने कुणाला खुडू दिलेली नाही, ती फुलावर आली आहे. आणि कुंदा, बाई सांगतात, अजूनही खाटेच्या एका कडेलाच झोपते.