खारीगावचा पत्ता
योगिनी घाणेकर राहते दिव्यात, पण कंपनीच्या कागदोपत्री ती ठाण्याजवळच्या खारीगावला, मावशीच्या घरी राहते. यात तिला कधी पाप वाटलं नव्हतं. दिव्यातल्या कितीतरी लोकांनी नोकरीच्या अर्जात कुठल्यातरी मावशीचा, आत्याचा पत्ता घातलेला असतो. दिवा म्हटलं की तिथल्या लोकलची गर्दी आठवून साहेबाच्या कपाळाला आठी पडते. ही बाई रोज उशिरा येणार, असं तो आधीच धरून चालतो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली तिची कंपनी नोकरीच्या जाहिराती टाकायचं सॉफ्टवेअर बनवते. कारखानेवाले त्यावर जाहिरात टाकतात, अर्ज येतात आणि सॉफ्टवेअर ते चाळून यादी देतं. लांबची माणसं टिकत नाहीत, हे कारखानेवाल्यांचं रडगाणं. म्हणून योगिनीनेच नवा नियम बसवला, दहा किलोमीटरच्या आतलेच अर्ज पुढे जातील. तिचे वरिष्ठ सिद्धेश सर खूश झाले. तिचे कच्च्या नोकरीचे सहा महिने या शुक्रवारी संपत होते आणि तिला कायम करणं त्यांच्याच हातात होतं.

त्याच शुक्रवारी साडेचारला दिव्यातल्या शेजारच्या आवडाबाईंचा फोन आला.

"अगं योगिनी, डोंबिवलीच्या मसाला कंपनीत पॅकिंगला अर्ज टाकलेला मी. दोन मिनिटांत नाही म्हणून मेसेज! अकरा वर्षं पॅकिंग केलंय गं. कोणी वाचला तरी का?"

जाहिरात त्यांच्याच सॉफ्टवेअरवरची होती. योगिनीने अर्ज उघडला. अंतर, चौदा किलोमीटर. दिवा ते डोंबिवली मध्ये फक्त कोपर स्टेशन, बूड टेकायच्या आत उतरायची वेळ येते. पण सॉफ्टवेअरला रेल्वे कुठे ठाऊक? ते रस्ता मोजत होतं, शीळफाट्याचा वळसा घालून. दिव्याचे त्रेपन्न अर्ज होते आणि त्रेपन्नच्या त्रेपन्न बाद झाले होते. दिव्यात राहून हे आपल्या डोक्यात आलं नाही, याची तिला मनापासून लाज वाटली. पाच वाजता यादी कारखान्याला जाणार होती आणि जाहिरात बंद होणार होती.

"सर, यादी थांबवा," तिने सिद्धेश सरांना आपल्या टेबलाशी बोलावून सांगितलं. "नियम चुकलाय, दिव्याचे सगळे बाद झालेत."

"आत्ता? अगं, पार्टी लाइनवर आहे. आणि दिव्याचे गेले तर गेले. तसेही उशिराच येतात ते."

गप्प बसली असती तर कायम झाली असती. तिने या नोकरीसाठी केलेला स्वतःचा जुना अर्ज काढला, पत्ता खोडून दिव्याचा घातला आणि सरांसमोरच बटण दाबलं. अर्ज बाद झाला.

"हा तर तुझा अर्ज," सर म्हणाले.

"हो. मी दिव्यात राहते. सहा महिन्यांत एकदा तरी उशिरा आलेय का, हजेरी बघा."

"मग ते खारीगाव?"

"मावशीचं घर. दिव्याचा पत्ता घातला असता, तर बोलावलं असतंत का मला, सर?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. पाचला बारा मिनिटं कमी होती.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

"मग बघत काय बसलीस?"

योगिनीने नियम काढून टाकला. यादी वेळेत गेली, त्यात आवडाबाई सातव्या होत्या.

सहा वाजता सरांनी कायम केल्याचं पत्र टेबलावर आणून ठेवलं. खाली सही नव्हती. पत्त्याची ओळ पेनाने खोडलेली होती.

"खोटं लिहिलंस त्याचा राग आहेच," ते म्हणाले. "आता खरा लिही. मग सही करतो."

योगिनीने 'दिवा' चांगलं मोठं लिहिलं.