हरीची चुन्याची रेघ

आधीच सांगून टाकतो, मी पत्रिका न बघता लग्न केलेला माणूस आहे. अमावास्येला नवीन चपला घेतल्यात, स्मशानातून शॉर्टकट मारलाय. या सदरातले तुमचे अमानवीय अनुभव वाचून मी कैक वेळा मोठ्याने हसलोय. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तर तक्रार नाही.

साठच्या दशकाचा शेवट. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं आणि मी पालघरला मामाकडे राहून रोज बसने तिथे जायचो. काम असं की, जिथे खणायचं असेल तिथे आधी जमिनीखालून विजेची केबल कुठून गेलीय ते शोधायचं आणि वर चुन्याची रेघ मारायची. रेघेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागेत टिकाव चालवायचा नाही, माती हलक्या हाताने काढायची. त्याच्या बाहेर बिनधास्त खणा. यासाठी माझ्याकडे यंत्र होतं... गळ्यात पेटी, कानाला हेडफोन. खाली केबल आली की कानात सूर वाढायचा. अख्ख्या साइटवर ते वापरता येणारा मी एकटा. ऐट होती हो मला त्याची!

आणि मग हा हरी उपटला.

हरी मांगेला, किनाऱ्यावरच्या गावातला. मासेमारी सोडून केबल पुरणाऱ्या टोळीत लागलेला. एक दिवस माझ्या यंत्राला पाण्याच्या पाइपाने चकवलं आणि मी भलतीकडेच रेघ मारली. हरी शांतपणे म्हणाला, "मास्तर, केबल तथं नाय. हतं हाय." खणलं, तर तिथेच!

साइटच्या साहेबांनी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "समुद्रात जाल्याचे खुंट पान्याखाली असतात साहेब. परत गावायचे कसे? किनाऱ्यावरचे दोन ताड एकामागं एक आले, नि दुसऱ्या बाजूला देवलाचा कलस झाडाला लागला, की खाली खुंट. केबल पुरली तवा पन मी तसंच बघून ठेवलं."

यात अमानवीय काही नाही, हे मलाही कळत होतं. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, तुझ्या यंत्राला हरीकडे शिकवणीला पाठव." कँटीनमध्ये आठवडाभर तोच विनोद. हरी दिसला की माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. त्यातून मार्किंगची, म्हणजे या रेघा मारायच्या कामाची, एकच जागा परमनंट होणार होती, आणि माझं जिच्याशी लग्न ठरत होतं त्या मुलीच्या वडिलांनी मला सांगून ठेवलं होतं, नोकरी पक्की झाली की बोलू. ती जागा आता हरीला मिळणार, असं जो तो म्हणत होता.

मग मी एक नीचपणा केला.

एका ठिकाणी केबलला आडवा चर खणायचा होता. हरीने ताड, पाण्याची टाकी वगैरे बघून रेघ मारली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी यंत्र लावून बघितलं. सूर बरोब्बर त्याच्या रेघेवर! बोटभराचाही फरक नाही. इतका राग आला मला... झाडूने ती रेघ पुसली, वर माती पसरली आणि दोन हात पलीकडे नवी मारली. सकाळी टिकाव पडायच्या आत आपण यंत्र घेऊन जायचं, साहेबांसमोर चूक दाखवायची, हरीची हवा गेली! कुणाला इजा व्हावी असं मनात नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

सकाळी बोईसरच्या अलीकडे बसचा टायर बसला. मी धावतपळत, मिळेल त्या ट्रकवर लटकत पोचलो. वाटलं होतं, माझी वाट बघत थांबले असतील. कशाला थांबतील? हरीची रेघ होती ना! मनोरकडचा काळू आणि त्याची बायको चरात उतरून टिकाव मारत होते. जिथे चालू केबल होती, बरोब्बर तिथे. मी चराकडे धावलो. मी हात वर केला तोवर टिकाव पडला, दुसरा पडला, तिसरा...

काही झालं नाही. नुसता कोरा मुरूम निघाला.

पलीकडे माझ्या खोट्या रेघेखाली हरी स्वतः हाताने माती काढत होता. विटा लागल्या. केबलवर संरक्षणाला अंथरतात त्याच विटा, एका ओळीत, फटींत गवताची जुनी मुळं गेलेली. विटांखाली वाळू, वाळूत केबल. साहेबांनी हरीची पाठ थोपटली. मी यंत्र लावलं. सूर तिथेच.

आणि लाज वाटते सांगायला... त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं? की रेघ माझी, आणि शाबासकी त्याला!

दुपारी हरी एकटाच चराच्या काठावर उभा होता. कधी ताडांकडे बघे, कधी टाकीकडे.

"मास्तर, खुणा जुलत नाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी रेघ मारली ती हतं नव्हती, असं वाटतंय. पन केबल तर हतंच निंगाली. म्हंजे माझी नजरच फिरली."

मी यंत्राची पेटी पुसत राहिलो.

आठ दिवसांनी त्याने काम सोडलं. साहेबांनी परमनंट जागा देऊ केली, तर म्हणाला, "माझ्या भरवशावर कुनी टिकाव मारायला नको." जागा मला मिळाली. लग्नही झालं.

पुढे मी कितीतरी जणांना आडून आडून विचारलं. जमीन सरकते का? एका केबलचा सूर दोन हातांवर ऐकू येतो का? माणसांनी पुरलेल्या विटा एका रात्रीत मुळांसकट जागा बदलतात का? लोक हसले. ती केबल का सरकली, कशी सरकली, कुणासाठी सरकली, मला आजही काही सांगता येत नाही.

बऱ्याच वर्षांनी हरी पालघरच्या बाजारात भेटला. त्याची बायको सुकट विकत होती, तो बाजूला बसलेला.

"होडी चालवतोस ना?" मी विचारलं.

"पुतन्या चालवतो. मी बसतो मागं. सुकानू धरायची हिंमत नाय होत." मग खालच्या आवाजात, "मास्तर, तुमच्याकडं तर मशीन होती. तवा मीच चुकलो व्हतो ना?"

खरं सांगायची वेळ होती. एवढ्या वर्षांत मला दुसरी मिळाली नव्हती. मी म्हणालो, "होतं रे असं कधीकधी."

त्याने मान हलवली. त्याला ते पटलं.