नऊ आणि दहा नंबरमधली भिंत

इथले अनुभव मी बरेच दिवस गुपचूप वाचतेय आणि खरं सांगायचं तर निम्म्या लेखांवर मनातल्या मनात 'थापा' असा शेरा मारलाय. माझी नोकरीच तशी आहे. मी विम्याचे क्लेम तपासते. समोरचा खोटं बोलतोय असं धरून सुरुवात करायची आणि खरा निघाला तर नाइलाजाने पैसे द्यायचे... इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवाल्याच्या काट्याकडेसुद्धा वाकून बघतो. त्यात आम्ही बौद्ध. भूत, करणी, नजर हे शब्द बाबांनी घरात कधी चालू दिले नाहीत. मी लहान असताना एक शेजारीण माझी दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन आली होती. बाबांनी तिला चहा पाजला आणि 'हे फोडणीत घाला' म्हणून पुडी परत दिली. तर अशा घरातली बाई हे लिहितेय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

भांडुप पश्चिम. स्टेशनवरून शेअर रिक्षाने चढावर आलात की आमची चार मजली सोसायटी आहे... म्हणजे होती, आता तिथे पत्रे ठोकलेत. तिसऱ्या मजल्यावर दहा नंबर आमचा. एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आई, मी, भाऊ संदीप, त्याची बायको प्रीती आणि त्यांची दोन पोरं. शेजारी नऊ नंबरला लीलामावशी, मूळच्या कणकवलीच्या. दोन घरांमध्ये एकच भिंत. मावशींचे यजमान गेले. मुलगा मंगेश लग्नानंतर काही वर्षं त्यांच्याकडेच होता, पण पोरं झाल्यावर एका खोलीत भागेना. आणि भांडुपमध्ये घर घ्यायचं तर भाव विचारला की एजंट आधी पगार विचारतो आणि मग फोनच उचलत नाही. मंगेश नालासोपाऱ्याला गेला. मावशी एकट्या राहिल्या.

आमचंही तेच होणार होतं. भाची मोठी झाली होती, तिला कपडे बदलायला, अभ्यासाला, रुसायलासुद्धा जागा नव्हती. संदीपने बदलापूरला एक फ्लॅट बघून ठेवला होता. प्रीतीची नोकरी मुलुंडला, पोरांची शाळा इथे, आणि आईचा अख्खा दिवस त्या दोन पोरांभोवती. कुणालाच जायचं नव्हतं. तेवढ्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली.

नियम साधा होता. आताच्या घराचं जेवढं कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ, त्यावर सगळ्यांना सारखीच वाढ. आमच्यासारख्या मधल्या घरांना नव्या बिल्डिंगमध्ये एक बेडरूम मिळणार होती आणि कोपऱ्यातल्या मोठ्या घरांना दोन. एका बेडरूममध्ये आमची सहा डोकी काही मावणार नव्हती, त्यामुळे संदीपचं बदलापूर कायम होतं.

माप घ्यायला बिल्डरचा सर्व्हेअर आला तो सुट्टीचा दिवस होता. आम्ही सगळे घरात, पोरांचे मित्रही आलेले. बिचारा पाय कुठे ठेवू म्हणत उभा होता. त्याने लेसरचं मशीन भिंतीला लावलं, आकडा बघितला, परत लावलं. मग शेजारी मावशींकडे गेला. आमची खोली इतर मधल्या घरांपेक्षा दीड फूट रुंद निघाली. मावशींची दीड फूट अरुंद.

म्हणजे काय, तर आम्ही दोन बेडरूमवाल्यांत गेलो. आणि मावशी एका बेडरूममधूनही बाहेर पडल्या. त्यांना मिळणार एकच मोठी खोली, जिला हे लोक स्टुडिओ म्हणतात. मंगेश परत येईल म्हणून त्या दिवस मोजत होत्या. स्टुडिओत कुठून येणार तो?

आमचे सेक्रेटरी कदमकाका जिन्यातच भेटले. "काय गं, भिंत सरकवलीस की काय? सांग बिनधास्त, मी काय पेपरात देत नाही."

"काका, घरात खिळा ठोकायचा तर आम्ही संदीपच्या सुट्टीची वाट बघतो. भिंत कोण सरकवणार?"

मावशी मात्र चेष्टेच्या मूडमध्ये नव्हत्या. त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझी दीड फूट जागा खंय गेली गो? खरा सांग, भिंतीक हात कोणी लावल्यान?" आई काही बोलायच्या आत त्या वळल्या आणि दार आपटलं. आमच्याकडे आंबोळ्या यायच्या त्या बंद. पोरांनी हाक मारली तरी उत्तर नाही. आई दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन बेल न वाजवता परत आली.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. दुसऱ्या बेडरूमच्या पडद्यांचा रंगही ठरवून टाकला मी. पण फुकटात काही मिळालं की माझं डोकं खाजतं. पहिला संशय बिल्डरवर. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत लावून द्यायची, दोघं भांडत बसली की हवा तो करार गळ्यात मारायचा. दुसरा संशय मशीनवर. तिसरा, माफ करा, मावशींवर. एकट्या बाईला कुणीतरी शिकवलं असेल, उगाच बोंब मार म्हणून.

हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलची टेप आणली आणि स्वतः मापलं. दीड फूट जास्त. खालच्या आणि वरच्या घरात जाऊन बघितलं, तिथे भिंत जिथल्या तिथे. खिडकीतून ओळंबा सोडला, बाहेरून तिन्ही मजले एका रेषेत. भिंतीवर बाबांच्या वेळचा रंग, कुठे नवीन प्लास्टर नाही. शेवटी लाद्या मोजल्या. मावशींनी तोंड फिरवून का होईना, पण आत येऊ दिलं. त्यांच्याकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जितक्या लाद्या, तितक्याच आमच्याकडे. अख्ख्या, न कापलेल्या. एकेक लादी मापली तर सारखी. सगळ्या मिळून मापल्या तर आमच्याकडे दीड फूट जास्त, त्यांच्याकडे दीड फूट कमी! मी जमिनीवर बसून तीन वेळा बेरीज केली.

कमिटीने ठरवलं, रविवारी सगळ्यांसमोर परत माप घ्यायचं. सर्व्हेअर दुसरं मशीन आणणार, मी माझी टेप.

शुक्रवारी आईने फोन लावला, तो मंगेशला. "मापाच्या वेळी घरचा माणूस पाहिजे रे. शनिवारीच ये राहायला, बायको-पोरांना घेऊन ये." आणि प्रीतीला म्हणाली, "तू पोरांना घेऊन कळव्याला तुझ्या आईकडे जाऊन ये. संदीपलाही ने. मागच्या वेळी गर्दीत माप नीट झालं नसेल." मला दोन्ही गोष्टी पटल्या. उलट बरं वाटलं, आई एकदाची या विषयात लक्ष घालतेय म्हणून.

रविवारी सकाळी नऊ नंबरमध्ये नुसता गोंधळ. पोरं पलंगावरून उड्या मारतायत, मंगेशची बायको मासे तळतेय, मावशी ओरडतायत आणि मध्येच हसतायत. आमच्याकडे मी आणि आई. घर इतकं शांत होतं की पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं मंगेशने. आमची खोली मापली. इतर घरांइतकी. मावशींची मापली. तीही इतर घरांइतकी. लेसरनेही तेच. सर्व्हेअरचा चेहरा उतरला. "मॅडम, मागच्या वेळी पण मीच घेतलं होतं... तुम्ही पण मापलेलं ना?"

"सोड ना यार," कदमकाका म्हणाले, "सगळं बरोबर आलं ना? सह्या करा." आणि सगळ्यांनी केल्या. कुणालाच जास्त विचारायचं नव्हतं.

सगळे गेल्यावर मी टेप गुंडाळत बसले होते. आमच्या पलंगाच्या आणि त्या भिंतीच्या मध्ये फट होती, तिथे पोरांची दप्तरं राहायची. भाच्याचं दप्तर अजून तिथेच होतं. मी ओढलं तर हलेना. पलंग आणि भिंत यांच्यात चेपून बसलं होतं. पलंग कुणी हलवला नव्हता, तो हलवायला तीन माणसं लागतात.

मी स्वयंपाकघरात गेले. "तुला माहीत होतं?"

"काय?" आई भात बघत होती.

"नाटक नको करू आई. मंगेशला बोलावलंस. आपल्या पोरांना पाठवलंस. इथली गर्दी गेली, तिथे झाली, आणि भिंत परत जागेवर."

"माणसं राहायला बोलावली. त्यात काय गुन्हा केला?"

"आपली बेडरूम गेली. आता संदीप बदलापूरला जाणार. कळतंय ना तुला?"

तिने गॅस बंद केला. "ती आपली कुठं होती? लीलाची होती, तिच्याकडं गेली."

एवढंच बोलली. मग बाहेर येऊन ते दप्तर ओढायला लागली. मी नको नको म्हणत असताना जोर लावला आणि पट्टा तुटला. तो हातात धरून ती पलंगावर बसली आणि हुंदके देऊन रडली.

संदीप गेला बदलापूरला. पोरांची शाळा बदलली, प्रीती पहाटे उठून मुलुंड गाठते. आम्ही दोघी बिल्डरच्या भाड्यावर मुलुंडला एका खोलीत आहोत. मंगेश नालासोपाऱ्याचा फ्लॅट विकून मावशींच्या नव्या घरात यायचं ठरवतोय, आणि मावशी रोज आईला फोन करून तासभर बोलतात. माझ्या मनातून मात्र ते जात नाही. मशीन चुकलं म्हणा, तर टेप माझी होती आणि हातही माझे. सर्व्हेअर, बिल्डर, मावशी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. आता आईच उरली.

परवा राग आला तेव्हा बोलून गेले, "तुला एवढं जमतं तर आपल्यासाठीही कर ना काहीतरी."

रविवारी बदलापूरहून येणाऱ्या पोरांसाठी ती लाडू वळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या हातात असतं तर पोरं बदलापूरला गेली असती का गं?"

मी तिच्या शेजारी बसून लाडू वळायला लागले. त्या दीड फुटाचा हिशोब मात्र अजून लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला लागला तर जरूर सांगा, पण मी तपासून बघेन.