गाठ नसलेलं कुंपण

या वेळी सिद्धूअण्णा सापडले ते पलूसच्या बाजूला, उसाच्या बांधावर अनवाणी बसलेले. बिरदेवनं वडलांना गाडीत घालून विश्रामबागेतल्या घरी आणलं, त्यांचे पाय धुतले आणि आईला, धोंडुबाईला, म्हणाला, "मागं कुंपण घालू. दुसरा इलाज न्हाई."

घराला पुढं भिंत होती, कुलपाचं फाटक होतं. परसदाराला मात्र नुसती कडी, ती अण्णा सहज काढायचे. तिथून रिकामा प्लॉट, मग रस्ता. धोंडुबाई दिवसभर त्या दारात बसून राहायची. जरा आत वळली की अण्णा निघालेले. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन पाटणकडं निघायचं, पावसाच्या आत माघारी यायचं. मेंढरं विकून टाकली, तरी पाय निघतच. बायकोचीही ओळख राहिली नव्हती; तिला ते आता नुसतं "बाई" म्हणत. धोंडुबाईला त्याचं रडू येत नव्हतं. हल्ली कशाचंच येत नव्हतं.

कुंपणवाला जोतीराम लाकडाचा आणि प्लॅस्टिकचा, असे दोन नमुने घेऊन आला. "प्लॅस्टिकचं घ्या मावशी. वाळवी न्हाई, रंग न्हाई. पाणी मारलं की झालं."

"दवाखान्यासारखं दिसेल ते," सून उत्कर्षा म्हणाली. "लाकूडच छान."

जोतीरामनं दाखवायला म्हणून दोन लाकडी खांब मातीत ठोकले, मधे फळ्या तारेनं बांधल्या. अण्णा उठून जवळ गेले. बोटांनी तार चाचपली, पीळ उलटा फिरवला, खांब मागंपुढं हलवला आणि सरळ उपटून हातात घेतला.

"ढिला हाय की रं गड्या! लांडगा आला म्हंजी?"

सगळे हसले. अण्णाही हसले. जोतीराम म्हणाला, "अण्णा, उद्यापास्नं कामावर या माझ्याकडं."

"बघितलंस आई?" बिरदेव म्हणाला. "किती दिसांनी बोललं. लाकूडच घालू."

धोंडुबाई नवऱ्याच्या हातांकडं बघत होती. मेंढरं कोंडायची जाळी, त्यांची वाघर, रोज सकाळी याच हातांनी सुटायची. खुंट्या उपटायच्या, जाळी गुंडाळायची, घोड्यावर टाकायची, चालू लागायचं. ती स्वतः पोर पाठीशी बांधून मागून चालली होती.

तिनं प्लॅस्टिकची पांढरी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली. कुठं तार नाही, गाठ नाही. परक्याचं भांडं ठेवावं तशी त्यांनी ती खाली ठेवली.

"ह्येच घाला," धोंडुबाई म्हणाली.

"आगं, त्यास्नी लाकूड कळतंय!"

"व्हय. म्हणूनच."

बिरदेवनं उपटलेला खांब उचलून जोतीरामला परत दिला.

कुंपण उभं राहिलं. अण्णा त्याच्या कडेनं हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पुन्हा माघारी आले. सांध्यात नख घालून बघितलं. धोंडुबाईनं चहा आणला.

"बाई, ह्ये सोडायचं कुठनं?"

"सोडायचं नसतंय ह्ये."

"मग निघायचं कवा?"

"च्या घ्या, निवतुया."

त्यांनी बशी तोंडाला लावली. धोंडुबाई भाकरी थापायला आत गेली. परसदार तिनं सताड उघडं ठेवलं. आता ठेवता येत होतं.